अभंगाची प्रमाणता : गाथेचे मुद्रण आणि ‘संत तुकाराम’ हा बोलपट

प्रास्ताविक

वारकरी कीर्तनपरंपरेत ‘प्रमाण’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे. कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो आणि त्याच्या एकेका चरणाचे विवरण करताना आपल्या प्रतिपादनास आधार म्हणून अन्य संतवचने देत जातो. या आधारवचनांस प्रमाण म्हणतात. प्रमाण पाठ असावे लागते. पोथी उघडून ते दाखविण्याची प्रथा नाही. कीर्तनकाराने पहिला शब्द उच्चारताच मागे उभे असलेले टाळकरी ते उचलतात आणि श्रोत्यांतील जाणत्यांना ते ओळखू येते. वचन खरे की खोटे याचा निर्णय तेथेच, समूहाच्या स्मरणशक्तीवर होतो.

एकोणिसाव्या शतकात या स्मरणाशेजारी छापील ग्रंथ आला आणि विसाव्या शतकात बोलपट आला. धर्म आणि आधुनिक प्रसारमाध्यमे यांच्या संबंधाचा विचार बहुधा दोन ठरावीक दिशांनी केला जातो. यंत्रयुगाने श्रद्धेचा ऱ्हास झाला असे एक मत, तर यंत्राने श्रद्धेचा बाजार मांडला असे दुसरे. तुकारामांच्या अभंगांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दोन्ही मतांत नीट बसत नाही. या इतिहासात श्रद्धा वाढली की घटली यापेक्षा ‘हे वचन तुकारामांचेच’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे गेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा बोलपट आणि त्यातील एक गीत यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वही, नदी आणि छापखाना

तुकारामांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रसंगच मुळी लेखनसाधनाविषयीचा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शूद्राने वेदार्थ सांगणारी कविता करू नये, या रामेश्वरभटाच्या आक्षेपानंतर अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यात आल्या. तुकारामांनी काठावर तेरा दिवस निर्वाण मांडले आणि वह्या कोरड्या वर आल्या. गाथेतील काही अभंगांत या घटनेचे निर्देश आहेत. महीपतीने ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत ती कथारूपाने विस्तारली. आधुनिक विवेचकांनी तिचा अर्थ असा लावला, की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते आणि तेथून ते पुन्हा लिहिले गेले. चमत्कार मानला काय किंवा हे स्पष्टीकरण मानले काय, एक गोष्ट दोन्हींत समान आहे. कोणी काय लिहावे यावर शास्त्राधिकाऱ्यांचे नियंत्रण होते आणि ते नियंत्रण येथे निष्प्रभ झाले.

मात्र निष्प्रभ झालेल्या नियंत्रणाच्या जागी दुसरी व्यवस्था लगेच उभी राहिली नाही. तुकारामांच्या निर्याणानंतर (१६४९) अभंग निरनिराळ्या वह्यांतून आणि फडांतून पसरत गेले. संताजी जगनाडे यांच्यासारख्या निकटवर्तीयांच्या वह्या एकीकडे आणि कानोकानी गेलेले पाठ दुसरीकडे, अशी स्थिती होती. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा शेवटच्या चरणात आली, की अभंग तुकारामांचा झाला. ही सोय जितकी भक्तास उपयोगी, तितकीच ती उसनवारीसही उपयोगी होती. धाकटे बंधू कान्होबा यांची स्वतंत्र मुद्रेची रचनाही गाथेच्या प्रतींत एकत्र आली आहे. खुद्द तुकारामांच्या हयातीतच सालोमालो नावाचा कोणी दुसऱ्याच्या रचनेवर आपले नाव घालीत असे, याचा उल्लेख गाथेत सापडतो. कर्तृत्वाचा वाद छापखान्याने निर्माण केला, असे म्हणणाऱ्यांनी या सालोमालोकडे दुर्लक्ष करू नये.

१८६९ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला खंड निघाला आणि १८७३ मध्ये दुसरा. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी ती आवृत्ती सिद्ध केली आणि जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी तिला तुकारामांचे चरित्र जोडले. मुंबई सरकारने या कामासाठी चोवीस हजार रुपये मंजूर केले होते. त्या काळाच्या मानाने ही रक्कम फारच मोठी होती. शिक्षणखात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांना तुकारामांविषयी आस्था होती आणि १८६७ मध्ये त्यांनी इंग्रजी नियतकालिकात त्यांच्यावर निबंधही लिहिला होता. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते जमवून पाठ निश्चित करण्यात आला.

या आवृत्तीमागील माणसांकडे पाहिले असता एक विलक्षण चित्र दिसते. ज्या वाणीस शास्त्राधिकाऱ्यांनी पाण्यात बुडविले, तिला परकीय सरकारच्या पैशाने आणि ब्राह्मण पंडितांच्या परिश्रमाने ग्रंथरूप मिळाले. संपादक विष्णुशास्त्री पंडित हे विधवाविवाहाचे अग्रणी पुरस्कर्ते. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने तुकारामांचे अभंग आपल्या उपासनेत घेतले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या धर्मविचारात तुकारामांना मोठे स्थान मिळाले. सुधारकांचे तुकाराम आणि दिंडीतले तुकाराम हे एकाच छापील पुस्तकातून वाचले जाऊ लागले. देहूच्या वहीवर किंवा फडाच्या परंपरेवर ज्यांचा हक्क नव्हता, अशा शिक्षित वाचकाला आता अभंगाचा क्रमांक देऊन वाद घालता येऊ लागला. ‘गाथेत आहे’ आणि ‘गाथेत नाही’ हे दोन शब्दप्रयोग याच काळात निर्णायक झाले.

अर्थात गाथा एकच राहिली नाही. वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. तीतील अभंगसंख्या रूढ गाथेच्या मानाने पुष्कळच कमी होती. वारकरी मंडळींच्या स्वतःच्या आवृत्त्या वेगळ्या होत्या आणि अभंगांचे क्रमांकही आवृत्तीगणिक बदलत. पुढे तुकारामांच्या त्रिशतसांवत्सरिक स्मरणाच्या निमित्ताने १९५० मध्ये मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या पुढाकाराने जी आवृत्ती काढली, तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. ‘अस्सल’ हा शब्द भावे यांना शीर्षकात घालावा लागला, यातच मुद्रणयुगाची चिंता व्यक्त होते. फडावरच्या गायकाला असा शब्द वापरण्याची गरज कधी पडली नव्हती.

प्रभातचा बोलपट

भारतीय चित्रपटाचा आरंभच पौराणिक कथानकांनी झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१० मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण आणण्याची कल्पना त्यांच्या मनात घोळू लागली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. ‘लंकादहन’ (१९१७) पाहताना पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत असत, असे सांगितले जाते. चित्रपटास नवे दर्शन मानण्याची वृत्ती तेव्हापासूनची आहे.

देवपट आणि संतपट यांत मात्र एक मूलभूत फरक आहे, व तो पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही. देवाची वाक्ये चित्रपटलेखक रचू शकतो; त्यांची तुलना कोणी मूळ संहितेशी करीत नाही. संताचे शब्द मात्र आधीच लोकांना पाठ असतात. संतपट पाहणारा मराठी प्रेक्षक एकाच वेळी प्रेक्षक आणि परीक्षक असतो. त्यामुळे बोलपट आल्यावर, म्हणजे शब्द ऐकू येऊ लागल्यावर, प्रमाणाचा जुना प्रश्न चित्रपटगृहात शिरला.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. संतचरित्राचा तिचा आधीचा प्रयत्न एकनाथांवरचा होता. बालगंधर्वांची भूमिका असलेल्या त्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव परिनिरीक्षकांना राजकीय वाटले आणि १९३५ मध्ये तो ‘धर्मात्मा’ या नावाने दाखवावा लागला. त्यानंतर ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. हे दोघेही मूळचे तंत्रज्ञ आणि कारागीर. दामल्यांचे क्षेत्र ध्वनिमुद्रण व यंत्रे, तर फत्तेलालांचे नेपथ्य व चित्रकला. विठ्ठलमंदिराचा आणि देहूच्या घराचा जो परिसर पुढे मराठी मनात ‘तुकारामांचे गाव’ म्हणून ठसला, तो कोल्हापूरच्या कलापरंपरेत वाढलेल्या एका मुसलमान चित्रकाराच्या नजरेतून उतरलेला आहे. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचे आणि गीते शांताराम आठवले यांची. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा गायकनट या कामासाठी कितपत योग्य, याविषयी आरंभी शंका होती. जिजाईच्या भूमिकेत गौरी होत्या.

चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. शहरांनंतर तो फिरत्या तंबूंतून गावोगावी पोहोचला. जत्रेच्या मैदानावर कीर्तनाचा मांडव आणि सिनेमाचा तंबू शेजारी शेजारी असण्याचा तो काळ होता.

कथानकासाठी चित्रपटाने महीपतीचा मार्ग स्वीकारला. तुकारामांच्या निर्याणाविषयी पुढे जे उग्र वाद झाले, त्यांची सावली येथे नाही. विमान येते आणि तुकाराम वैकुंठास जातात. तरीही या चित्रपटाचे बळ चमत्कारदृश्यांत नाही. ते जिजाईच्या चुलीजवळ आहे. मूल आजारी पडल्यावर वहाण हातात घेऊन विठोबास जाब विचारणारी ही बाई, आणि नवरा वैकुंठास निघाला असता मुलांच्या जेवणाची चिंता सोडण्यास तयार नसलेली ही बाई, भक्तिपटाच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही. दामले-फत्तेलालांनी दोन्ही गोष्टी सारख्याच साध्या नजरेने दाखविल्या आहेत, म्हणून विमानही खोटे वाटत नाही. गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी या चित्रपटातील प्रतिमांच्या सरळ, सन्मुख रचनेचे महत्त्व विशद केले आहे. परंतु जिजाईशिवाय ती सन्मुखता कॅलेंडरावरील चित्रासारखी झाली असती, असेच म्हणावे लागते.

चित्रपटाच्या आरंभीचा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तुकाराम विठ्ठलासमोर तल्लीन होऊन गात आहेत आणि तीच रचना सालोमालो आपली म्हणून मंदिरात नाटकी आलापांसह गातो. वचन तेच असताना गाण्याच्या पद्धतीवरूनच प्रेक्षकास खरे-खोटे कळते. केशवराव भोळ्यांनी तुकारामांस भजनाच्या वळणाच्या, संयत चाली दिल्या आणि सालोमालोस नाट्यसंगीताची झटापट दिली. प्रामाण्याची कसोटी चित्रपटाने शब्दांतून काढून आवाजात नेली. वहीतील अक्षरे आणि छापील क्रमांक यांच्या पलीकडे जाणारा हा बदल ध्वनिमुद्रणाविना शक्य नव्हता.

मुद्रेविना अभंग

याच चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ हे गीत तुकारामांचे नाही. बीज आणि वृक्ष यांच्या रूपकातून एका ब्रह्माचे अनेकत्व सांगणारी ही रचना शांताराम आठवले यांची आहे. चित्रपटाचे गीतकार म्हणून त्यांचे नाव नोंदलेले असूनही लोकांनी ती तुकारामांची मानली. गाथेत हा अभंग कोठे आहे याचा शोध जाणकार मंडळींनीही घेतला, अशी आठवण चित्रपटेतिहासात वारंवार सांगितली जाते. आजही गायनाच्या कार्यक्रमांत अनेकदा ते ‘तुकोबांचा अभंग’ म्हणूनच सादर होते.

याची सर्वसाधारण मीमांसा अशी केली जाते, की आठवल्यांनी तुकारामांची शैली इतकी आत्मसात केली होती की फरक कळेनासा झाला. ही स्तुती योग्य असली तरी स्पष्टीकरण अपुरे आहे. गीत बारकाईने पाहिले असता ते तुकारामांच्या अभंगासारखे फारसे नाही. त्याची ओळींची बांधणी अभंगाच्या चार चरणांच्या ठेवणीची नाही. तुकारामांच्या वाणीतील रोखठोकपणा, व्यवहारातील दृष्टान्त, क्वचित शिवीपर्यंत जाणारा आवेश यांपैकी त्यात काही नाही. आहे तो शांत वेदान्त. सर्वांत लक्षणीय म्हणजे त्यात ‘तुका म्हणे’ ही मुद्राच नाही.

तीनशे वर्षे ज्या मुद्रेमुळे अभंग तुकारामांचा ठरत होता, ती नसतानाही हे गीत तुकारामांचे ठरले. मुद्रेचे काम येथे पागनीसांचा आवाज आणि चेहरा यांनी केले. पडद्यावर तुकाराम गात आहेत, हे दिसत असताना ‘तुका म्हणे’ असे शब्दांत सांगण्याची आवश्यकता उरत नाही. नाममुद्रा ही मुळात अशा परिस्थितीसाठी होती, की जेथे रचनाकार समोर नाही आणि दुसराच कोणी गात आहे. बोलपटाने रचनाकार समोर आणून बसविला.

यास तंत्राच्या आणखी एका मर्यादेने हातभार लावला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे आणि चित्रपटातील प्रसंगही तेवढ्याच अवकाशाचा असे. कीर्तनात एकेका चरणावर घटका जाते; टाळकरी तो घोळवतात, मध्ये प्रमाणे येतात. पडद्यावरील आवाज साथीसाठी थांबत नाही. त्यामुळे निरूपणाची गरज नसलेले, एका ऐकण्यात पूर्ण होणारे गीत या माध्यमास अधिक मानवते. आठवल्यांची रचना तशी आहे. गाथेतील कित्येक श्रेष्ठ अभंग तसे नाहीत, आणि चित्रपटांमुळे व तबकड्यांमुळे लोकप्रिय झालेल्या तुकारामांत त्यांना जागा मिळाली नाही. तुकारामांचा परखडपणा लोकस्मृतीत मवाळ झाला असेल, तर त्याचे एक कारण येथे शोधावे लागेल. हा परिणाम कोणी हेतुपुरस्सर घडविलेला नव्हता.

नियतीचा योग असा, की दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव घालणारा सालोमालो ज्या चित्रपटाचा खलनायक आहे, त्याच चित्रपटाच्या गीतकाराचे शब्द दुसऱ्याच्या नावावर गेले. सालोमालोने चोरी केली. आठवल्यांच्या बाबतीत कोणीच चोरी केली नाही. गाथेच्या हस्तलिखितांत शतकानुशतके जे घडत आले, तेच येथे चित्रपटगृहात घडले. फरक इतकाच, की हस्तलिखितातील प्रक्षिप्त अभंगाचा कर्ता अज्ञात असतो आणि येथे तो पुण्यात राहत होता. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अशी संधी क्वचितच मिळते. अनामिक रचना संताच्या नावाखाली कशी जाते, याबद्दल हस्तलिखितांवरून केवळ अनुमान करता येते. ‘आधी बीज एकले’च्या बाबतीत वर्ष, कर्ता, चाल आणि गायक हे सर्व ज्ञात आहे.

चेहऱ्याचे प्रामाण्य

शब्दांबाबत निदान गाथा उघडून पाहता येते. चेहऱ्याबाबत तेही शक्य नाही. तुकारामांचे निर्विवाद समकालीन चित्र उपलब्ध नाही. पागनीसांचे रूप त्या रिकाम्या जागेत जाऊन बसले. तुकारामांची म्हणून घरोघरी लागलेली चित्रे पागनीसांच्या छबीवर बेतलेली आहेत, हे निरीक्षण अनेकांनी नोंदविले आहे. पागनीसांनी पुढे ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) हे चित्रपटही केले. म्हणजे त्याच चेहऱ्याने आणखी दोन भाषांतील संतांची रूपे धारण केली. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आणि १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ यांच्या वेळी पडद्याची वा दूरचित्रवाणी संचाची पूजा झाली, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या पूजा दिसणाऱ्या होत्या आणि मालिका संपल्यावर ओसरल्या. ‘संत तुकाराम’चा परिणाम त्या मानाने अदृश्य होता, पण तो मराठी भजनाच्या पाठांतरात आणि देव्हाऱ्यातील तसबिरीत कायमचा मिसळून गेला. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ हा चित्रपट केला, तेव्हा जितेंद्र जोशी यांच्या तरुण तुकारामांकडे पाहताना प्रेक्षकाच्या मनात तुलना होत होती ती पागनीसांशीच.

देहू येथे इंद्रायणीच्या काठी आता गाथामंदिर उभे आहे आणि त्याच्या भिंतींवर गाथेतील अभंग संगमरवरात कोरलेले आहेत. गाथेच्या प्रमाणावर चालणाऱ्या कीर्तनात ‘आधी बीज एकले’ला आधारवचन म्हणून स्थान नाही, कारण ते कोणत्याच गाथेत नाही. भजनाच्या बैठकीत मात्र ते गायले जाते, आणि ते सुरू झाले की टाळकरी पहिल्या शब्दालाच उचलतात.